तो प्रश्न निकाहाआधी विचारायला हवा होता

माझ्या धाकट्या बहिणीची बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत होती, त्याच्या तीन आठवडे आधीची ही गोष्ट आहे. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहतो. तिचा निकाह होऊन चौदा महिने झाले होते. नवरा अमेरिकेचा नागरिक. निकाहानंतर तो बारा दिवस इथे राहिला आणि परत गेला. त्यानंतर सुरू झाली ती कागदांची लढाई. ती मीच लढत होतो, कारण घरात 'कम्प्युटरवाला' मी.

माझा स्वभाव कामातून आलेला आहे. सॉफ्टवेअर बाहेर पाठवण्याआधी आम्ही ते सगळ्या बाजूंनी तपासून पाहतो. तसंच मी बहिणीच्या मुलाखतीचं केलं. साठेक प्रश्नांची यादी बनवली आणि रोज रात्री जेवण झाल्यावर तिला समोर बसवून विचारू लागलो. तुमची ओळख कशी झाली? स्थळ कुणी आणलं? निकाहाला किती माणसं होती? नवरा काय काम करतो? कुठल्या गावात राहतो, घरात अजून कोण आहे? ती फटाफट उत्तरं द्यायची. अम्मी कौतुकाने ऐकायची.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी यादीतला पुढचा प्रश्न वाचला, "तुमच्या नवऱ्याचं याआधी लग्न झालं होतं का?"

ती हसून म्हणाली, "नाही."

अम्मी उठून स्वयंपाकघरात गेली. अब्बांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बहिणीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "भाई, तुला माहीत आहे का काही?"

मला माहीत होतं. स्थळ आणणाऱ्या मामूंनी अब्बांना आणि मला निकाहाआधीच सांगितलं होतं. मुलाचं तिकडे एक लग्न झालं होतं, दीड वर्षात मोडलं, मूल नाही, कोर्टाचा घटस्फोट आहे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण घरात ठरलं की 'मुलीला आत्ता कशाला सांगायचं, उगाच मन खराब होईल.' मीही हो म्हणालो. घटस्फोटाच्या हुकमाची प्रत तिच्याच फाइलमध्ये होती आणि ती फाइल मी लावली होती. ज्या माणसाशी तिचं लग्न झालं, त्याच्याबद्दलची ही गोष्ट अमेरिकेतल्या कारकुनाला माहीत होती, मामूंना माहीत होती, मला माहीत होती. तिला नव्हती.

ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. पुढचे चार दिवसही नाही.

हा लेख मी त्या चार दिवसांमुळे लिहितोय. आपल्या वस्त्यांतून, अंबरनाथ-बदलापुरातून, उल्हासनगरातून, कल्याण-मुंब्र्यातून दरवर्षी मुली लग्न होऊन परदेशी जातात. व्हिसाच्या मुलाखतीची आपण जिवापाड तयारी करतो. निकाहाची तयारी म्हणजे मात्र हॉल, बिर्याणी आणि दागिने.

काचेपलीकडचा माणूस काय विचारतो

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा अमेरिकी नागरिक असेल तर तो आधी आय-१३० नावाचा अर्ज भरतो. या नात्याला वार्षिक कोटा नाही. तो नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर कोटा लागतो आणि थांबावं लागतं. अर्ज मंजूर झाला की मुलीचा डीएस-२६० हा फॉर्म, पोलिसांचा दाखला, जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या उत्पन्नाची हमी आणि वैद्यकीय तपासणी. शेवटी मुलाखत. घरच्यांना आत सोडत नाहीत. खिडकीपाशी मुलगी एकटी उभी असते.

अधिकाऱ्याला एकच ठरवायचं असतं, हे लग्न खरं आहे की फक्त कागदासाठी. अमेरिकेत १९८६ मध्ये खोट्या लग्नांविरुद्ध कायदा झाला, त्यानंतर ही तपासणी अधिक कडक झाली. तिकडे राहणाऱ्या जोडप्याबद्दल संशय आला तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून पाहतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, इथपर्यंत.

आपल्याकडची ठरवून केलेली लग्नं या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षांचे फोटो, एकत्र प्रवास, एकत्र बँक खातं अशा खुणा हव्या असतात. आपल्याकडे दोन भेटी आणि निकाह. म्हणून आपली माणसं घाबरतात आणि घाबरून मुलींना उत्तरं पाठ करून देतात. मीही तेच करत होतो. पाठ केलेलं उत्तर ओळखणं हे त्या अधिकाऱ्याचं रोजचं काम आहे, हे आपण विसरतो.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. ती प्रश्नांची यादी पुन्हा वाचा. हा माणूस काय करतो? त्याची कमाई किती? आधी लग्न झालं होतं का? मोडलं असेल तर कागद आहे का? मुलं आहेत का? तिकडे तू कुणाबरोबर राहणार? यातला एकही प्रश्न परका नाही. लग्न करणाऱ्या कुठल्याही बाईला निकाहाआधी माहीत असायला हवं तेच हे आहे. ते तिला पहिल्यांदा कुणी विचारलं, तर परक्या देशाच्या सरकारने. तेही लग्न झाल्यावर चौदा महिन्यांनी.

आपली स्वतःची मुलाखत

खरं तर आपल्या निकाहात एक मुलाखत आहेच. इजाब आणि कुबूल. वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात, मुलाचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगतात आणि विचारतात, कबूल आहे का? सज्ञान मुलीच्या संमतीशिवाय निकाह होत नाही, हे आपल्याकडे मदरशात शिकलेला माणूसही सांगेल आणि कोर्टातला वकीलही. खन्सा बिन्त खिदाम या स्त्रीचं लग्न वडिलांनी तिच्या मर्जीविरुद्ध लावलं, ती तक्रार घेऊन गेली आणि पैगंबरांनी ते लग्न रद्द केलं, ही हदीस बुखारीत आहे. लहानपणापासून आपण ती ऐकतो.

प्रत्यक्षात काय होतं? बाहेर चारशे माणसं जेवायला बसलेली असतात. खोलीत वीस बायका. मुलीचा चेहरा झाकलेला. प्रश्न विचारला जातो आणि कुणीतरी खाला मागून तिचं डोकं हलवते. गप्प राहिली तरी 'शरमेने गप्प आहे' म्हणून होकार. तिथे नाही म्हणण्याची सोय कुणी ठेवलेली असते का? माझ्या बहिणीच्या निकाहात साक्षीदारांपैकी एक मी होतो. मी प्रश्न ऐकला, उत्तर नीट ऐकलं नाही. सही केली.

खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने मात्र तिच्या उत्तराची वाट पाहिली.

याचा अर्थ सरकारचं कौतुक नाही

इथे कुणी म्हणेल, परक्या सरकारने आपल्या मुलींच्या लग्नात नाक खुपसायचं आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला इतिहास आहे.

१९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' करण्यात आली. ब्रिटिश वृत्तपत्राने ते छापलं तेव्हा गदारोळ झाला आणि तो प्रकार बंद करावा लागला. भारतातल्या ब्रिटिश कार्यालयांतही अशा तपासण्या झाल्याचं पुढे जुन्या सरकारी कागदांतून उघड झालं. त्यानंतरही १९९७ पर्यंत ब्रिटनमध्ये एक नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. नसलेला हेतू माणूस सिद्ध कसा करणार? त्यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती आपल्या उपखंडातली ठरवून झालेली लग्नं.

आणि लांब कशाला जायचं? आमच्या शेजारचं उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण जवळच्या लष्करी छावणीत ठेवलं, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगतात तो कॅम्प एक, कॅम्प चार असाच. इंजिनीअरिंगला माझ्या बेंचवर बसणारा मित्र तिथला सिंधी. त्याची काकी लग्न होऊन सिंधमधून आली. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(क) खाली नोंदणीने नागरिकत्व मिळू शकतं, पण त्यासाठी अर्जाआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. तोवर दीर्घ मुदतीचा व्हिसा. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा पोलिसांचा अहवाल, पुन्हा ठाण्याच्या फेऱ्या. मित्र सांगायचा, काकीच्या कपाटात साड्यांपेक्षा फाइली जास्त.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीच्या व्हिसांना तो निर्णय लागू नाही असा खुलासा झाला, पण तो येईपर्यंत अशा घरांत काय झालं असेल याची कल्पना करा. वीस वर्षं संसार केलेली बाई एका बातमीने पुन्हा 'परदेशी नागरिक' होते.

यात आणखी एक फरक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ठाण्यासह देशातल्या १६ जिल्ह्यांच्या पातळीवर नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. ते पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी. कराचीची हिंदू मुलगी उल्हासनगरात सून झाली तर तिची फाइल ठाण्यात निकाली निघू शकते. त्याच कराचीची मुस्लिम मुलगी कल्याणमध्ये सून झाली तर तिची फाइल दिल्लीला जाते. दोघींचं लग्न तितकंच खरं. मित्राच्या काकीला मिळालेल्या सवलतीबद्दल मला असूया नाही, तिने ती वर्षं मोजून भोगली आहेत. माझं म्हणणं इतकंच की बायको आहे की नाही हे तपासताना धर्म विचारायचं कारण नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली, तेव्हाही हाच प्रश्न होता. सज्ञान मुलीने लग्न केलं, तर सरकार तिच्या माहेरच्यांच्या वतीने चौकशी करणार. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस आहेच. म्हणजे मुलीने स्वतः निवडलं की सरकार प्रश्न विचारतं, आणि घरच्यांनी निवडलं की कुणीच विचारत नाही.

तेव्हा प्रश्न विचारणं वाईट की चांगलं, असा हा वाद नाही. कोण कुणासाठी विचारतं, हे पाहायला हवं. सरकार मुलीला विचारतं ते स्वतःच्या सीमेसाठी, बहुतेक वेळा संशयाने. माझ्या बहिणीला त्यातून फायदा झाला तो अपघात होता. तिच्या भल्यासाठी तेच प्रश्न आधी विचारणं हे आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही, म्हणून परक्याच्या संशयाने ते झालं.

कागदाचंही बोलू

मुलाखतीआधी आमची दमछाक झाली ती कागदांत. निकाहनामा उर्दूत. नुसता निकाहनामा पुरत नाही, सरकारी नोंदणी लागते. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे, तो सगळ्या धर्मांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. तरी आपल्याकडे किती जोडपी लग्नानंतर लगेच नगरपालिकेत जातात? व्हिसाची गरज पडली की धावपळ सुरू होते. मग कळतं की शाळेच्या दाखल्यावर 'शेख' एका स्पेलिंगने आहे, आधारवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या. एका कार्यालयाने तर माझ्या बहिणीच्या प्रमाणपत्रावर अब्बांचं नावच चुकवलं. दुरुस्तीला सात आठवडे गेले.

पण नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे सगळी खात्री, असंही समजू नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात ठाण्याचं एक प्रकरण आलं. एका मुस्लिम पुरुषाला अल्जेरियाच्या स्त्रीशी झालेलं आपलं तिसरं लग्न नोंदवायचं होतं आणि ठाणे महापालिकेने नकार दिला होता. मुस्लिम पुरुषाच्या एकाहून अधिक विवाहांची नोंद या कायद्याखाली होऊ शकते, असं न्यायालयाने सांगितलं. न्यायालय सध्याच्या कायद्याप्रमाणे बोललं. आपण त्यातून शिकायचं ते हे की, नोंदणी झाली म्हणजे मुलगा अविवाहित होता असं होत नाही. ते वेगळं विचारावं लागतं, आणि कागद मागावा लागतो. अमेरिकेत तर आधीचं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नावर बायकोला व्हिसाच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत हवी. अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा असतो. अनेक नवरे याच अर्जाची धमकी देतात, 'सही करणार नाही, परत पाठवीन.' तिला हे सांगा की घटस्फोट झाला किंवा छळ होत असेल तर ती एकटीही अर्ज करू शकते. छळ झालेल्या पत्नीला स्वतःचा स्वतंत्र अर्ज करण्याची तरतूद तिथे १९९४ पासून आहे. पासपोर्ट आणि सगळ्या कागदांच्या प्रती तिच्याच ताब्यात हव्यात, सासरच्या कपाटात नव्हे.

मग काय करायचं

मी वकील नाही, मौलाना नाही. चुकलेला भाऊ आहे. माझ्या अनुभवातून इतकंच सांगतो.

निकाहाआधी मुलीने मुलाशी निदान दोन-तीनदा मोकळेपणी बोलावं आणि वरचे सगळे प्रश्न स्वतः विचारावेत. मुलानेही विचारावेत. आपल्याला कळलेली कुठलीही गोष्ट तिच्यापासून लपवू नये, 'मन खराब होईल' म्हणून तर अजिबातच नाही. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा कागद पाहावा. फक्त तोंडी तलाक किंवा दारुल कझाचा कागद असेल तर कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक दर्जाची घोषणा मिळवता येते, ती आधी मिळवा. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात. तलाक-ए-तफवीझ, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत तलाक घेण्याचा अधिकार बायकोला देण्याची अट आपल्या शरीयतीतही आहे आणि भारतीय न्यायालयांनीही मानलेली आहे. ती लिहून घ्या. नोंदणी ९० दिवसांत करा, व्हिसा लागो वा न लागो. आणि साक्षीदार म्हणून बसलात तर उत्तर कानाने ऐका.

घरातले मोठे म्हणतील, इतके प्रश्न म्हणजे अविश्वास. अब्बा मला हेच म्हणाले. मी त्यांना विचारलं, डोंबिवलीत फ्लॅट घेताना तुम्ही सात-बारा, मंजुरी, बिल्डरचे आधीचे प्रकल्प, सगळं तपासलं, तो बिल्डरवरचा अविश्वास होता का? ते गप्प बसले. पटलं की नाही, सांगता येत नाही.

बहिणीचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचाराल. पाचव्या दिवशी तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि दार बंद करून घेतलं. दोन तास बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "त्याला वाटत होतं मला माहीत आहे. तुम्ही सांगितलंय असंच त्याला सांगितलं होतं." म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. आम्ही बोललो होतो.

तिने दोन दिवस विचार केला. जायचं ठरवलं. ते तिने ठरवलं. मुलाखतीच्या दिवशी आम्ही सकाळी सहाची लोकल पकडली. मी बाहेर थांबलो. दीड-दोन तासांनी ती आली. विचारलं, कसं झालं? म्हणाली, "पहिल्या लग्नाचं विचारलं. मी सगळं सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं ना, म्हणून सोपं गेलं."

ती आता तिकडे आहे, बरी आहे. माझ्याशी बोलते, पण त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललेलो नाही. मी माफी मागितली होती. ती म्हणाली, "ठीक आहे भाई." त्या 'ठीक आहे'वर मी अजून विचार करतो.

गेल्या महिन्यात बदलापूरहून खालाचा फोन आला. तिच्या मुलीला दुबईचं स्थळ आलंय. खाला म्हणाली, "तू व्हिसाचं सगळं जाणतोस, तिला मुलाखतीची तयारी करून दे." मी ती साठ प्रश्नांची यादी पाठवली. सोबत लिहिलं की ही मुलाखत तिने घ्यायची आहे, मुलाची, निकाहाआधी. खालाचं उत्तर अजून आलेलं नाही. मुलीचं मात्र त्याच रात्री आलं, "भाईजान, यात अजून चार प्रश्न घातले तर चालतील ना?"